फलाट क्रमांक एकवरचं थालीपीठ

'शेरा' बंद करण्याचा ठराव दणदणीत बहुमतानं मंजूर झाला, टाळ्या पडल्या, आणि अध्यक्ष या नात्यानं मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते बटण बंद करून टाकलं.

यातलं काहीही घडलं नाही. त्या दिवशी हॉलमध्ये जे होते त्यांच्यापैकी कुणालाही विचारा. ॲडव्होकेट बिरनाळे तर शपथेवर सांगतील, आणि शपथेवर ते फारसं खोटं बोलत नाहीत.

तेव्हा सभेपासूनच सुरुवात करतो.

"अध्यक्ष, जरा डावीकडं सरक. तुझ्या डोक्यामागं बदाम आलाय," इरफान खालून म्हणाला.

मी मागं वळून पाहिलं. थर्मोकोलचा लालभडक बदाम होता आणि त्यात 'अभिजित' आणि 'स्नेहल' अशी दोन नावं होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा साखरपुडा होता. मंगल कार्यालयाच्या मालकांनी आम्हाला हॉल फुकट दिला होता, पण सजावटीला हात लावायचा नाही या अटीवर. त्यामुळे स्टेजवर बसायला दोनच जागा होत्या. एक नवऱ्यामुलाची सोनेरी खुर्ची आणि एक नवरीची. मी नवऱ्यामुलाच्या खुर्चीत बसलो. ती इतकी मऊ होती की मी आत आत जात होतो आणि माझे पाय जमिनीला पुरत नव्हते. अशा अवस्थेत मला त्या दिवशी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा निकाल लावायचा होता.

भानगड अशी होती. मी इंजिनिअर झालो होतो आणि त्यातून पुढं अजून काही झालं नव्हतं. इरफान मुजावरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही दोघांनी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून आमच्या गावापुरतं एक समाजमाध्यम तयार केलं आणि त्याला 'घाट' असं नाव दिलं. आमचं गाव सांगली आणि कोल्हापूर यांच्या मधोमध आहे आणि दोघांनाही ते दुसऱ्याचं वाटतं. त्यामुळे आपलं असं काहीतरी गावाला हवंच होतं. पाणी कधी येणार, कुणाची म्हैस सुटली, दवाखान्यात डॉक्टर आहेत की लग्नाला गेलेत, हे सगळं घाटावर यायला लागलं.

घाटावर दोन बटणं होती. एक 'उत्तर' आणि एक 'शेरा'. उत्तर दिलं की ते त्या माणसाच्या मजकुराखाली जाऊन बसायचं. शेरा दिला की त्याचा अख्खा मजकूर तुमच्या नावानं सगळ्यांपुढं यायचा आणि त्याच्या डोक्यावर तुमचं म्हणणं. म्हणजे उत्तर देणं हे एखाद्याच्या दारात जाऊन बोलणं, आणि शेरा देणं हे त्याला दारासकट उचलून चौकात आणणं आणि मग लोकांशी बोलणं.

हे नाव मला सुचलं ते मगदूम बाईंमुळं. बाई आम्हाला सातवीला होत्या. माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी लिहिलं होतं, 'बुद्धी आहे. वापरत नाही.' पुढं इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवूनही माझ्याबद्दल यापेक्षा नेमकं कुणाला लिहिता आलं नाही.

आणि सभा भरली होती तीही मगदूम बाईंमुळंच.

बाईंचे यजमान बापूसाहेब मगदूम, ज्यांना सगळं गाव काका म्हणायचं, ते एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सबंध नोकरी त्यांनी माइकसमोर काढली. त्याचा परिणाम असा झाला की माइकशिवाय त्यांना फारसं बोलता येईना आणि माइकवर घोषणेशिवाय दुसरं काही बोलता येईना. बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेच्या पटांगणात निरोपसमारंभ होता. मुख्याध्यापक म्हणाले, काकांनीही दोन शब्द बोलावेत. काकांनी माइक हातात घेतला, आणि माइक हातात आल्यावर जे व्हायचं तेच झालं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सौ. सुलोचना मगदूम ही गाडी आजपासून सेवेतून कायमची काढण्यात येत आहे. प्रवाशांनी आपापले सामान उतरवून घ्यावे."

पटांगण खदखदा हसलं. मीही हसलो, सगळेच हसले. बाई हसल्या नाहीत. त्या घरी गेल्या आणि तेव्हापासून त्यांनी काकांशी बोलणं सोडलं. काकांनाही राग आला, कारण त्यांच्या मते ते कौतुक होतं. त्यांनीही बोलणं सोडलं. दोघं एकाच घरात राहत होते, सकाळचा चहा एकाच ओट्यापाशी घेत होते, पण अबोला म्हणजे अबोला. दुपारचं आणि रात्रीचं बाई करायच्या. सकाळचा नाश्ता काकांनी हट्टानं स्वतःकडं घेतला, आणि तो तयार झाला की त्याचा फोटो घाटावर यायला लागला.

'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आजचे थालीपीठ फलाट क्रमांक एकवर लागलेले आहे.'

थालीपीठ महाराष्ट्राच्या नकाशासारखं होतं. काही वेळातच बाईंचा शेरा आला.

'आकार असमाधानकारक. कोकण करपले आहे. आच मंद ठेवावी.'

गाव खूश झालं. मग हे रोजचंच झालं. सकाळी काकांची घोषणा यायची आणि तिच्या डोक्यावर बाईंचा शेरा. लोक पेपरच्या आधी ते वाचायचे. शेवयांचा उपमा, 'वाफ कमी. घाई दिसते.' घावन, 'जाळी पडलेली नाही. सराव वाढवावा.' एकदा नुसताच चहा, 'हा पदार्थ नव्हे.' बाकीच्यांनाही चेव आला आणि जो तो ज्याच्यात्याच्यावर शेरे द्यायला लागला. संभाजी डेअरीवाल्यानं आपल्या म्हशीच्या वाढदिवसाचा फोटो टाकला, तर त्याच्यावर इतके शेरे पडले की त्यानं केक परत नेऊन दिला.

सभेच्या आधीच्या रविवारी रेवती इरफानच्या दुकानात आली. रेवती म्हणजे बाई आणि काकांची मुलगी. शाळेत माझ्या वर्गात होती, आता सांगलीला बँकेत होती आणि सुट्टीला घरी यायची. ती आली की मी नीट बसायचो.

"शार्दूल, हे वाच," तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

बाईंचा शेरा होता. 'फोटोच्या कोपऱ्यात गोळ्यांचे पाकीट दिसते आहे. आजची गोळी तशीच आहे. निष्काळजीपणा.'

"काय झालं?"

"काय झालं म्हणून विचारतोस? माझ्या वडलांचं ब्लड प्रेशर आता गावाच्या मालकीचं झालं. मी काल रिक्षानं आले, तर रिक्षावाला विचारतो, काकांनी गोळी घेतली का?"

"चांगला आहे की मग रिक्षावाला."

"शार्दूल."

"सॉरी."

"बाबांचं हसं होतंय. त्यांच्या स्वतःच्या बायकोकडून, रोज सकाळी, अख्ख्या गावासमोर. आईला काही बोलायचं असेल तर उत्तराचं बटण आहे ना? खाली जाऊन बोल. घोळका कशाला जमवायचा?" तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला. "तुमचं ते बटण बंद करा. नाहीतर मी बाबांना सांगलीला घेऊन जाते. माझ्याकडं. कायमचं."

इरफान स्क्रू काढायचा थांबला. "आणि बाई?"

"आईला काय, ती दुसऱ्या कुणालातरी शेरे देईल."

ती गेल्यावर इरफाननं राहिलेला स्क्रू काढला. मग म्हणाला, "एक बघितलंस काय? काकांचं थालीपीठ सुधारलंय पण."

मी ते मनावर घेतलं नाही. मला फक्त 'कायमचं' एवढंच ऐकू येत होतं. काका सांगलीला गेले तर रेवती सुट्टीला कशाला येईल, हा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला, आणि मी दुसऱ्याच दिवशी सभा बोलावली.

तर असे आम्ही सगळे त्या हॉलमध्ये होतो. दुपार टळटळीत होती. डाव्या बाजूला पुरुष आणि उजव्या बाजूला बायका, कारण खुर्च्या लग्नाच्या होत्या आणि लोकांना सवय होती. काका डावीकडं तिसऱ्या रांगेत बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून. बाई उजवीकडं, मांडीवर पर्स. दोघांच्या मधून जाजमाची लाल पट्टी स्टेजपर्यंत आली होती.

"शेरा राहिला पाहिजे," ॲडव्होकेट बिरनाळे उभे राहिले. "मागच्या महिन्यात कुणीतरी टाकलं की गुरुवारी नळाला पाणी येणार नाही. खाली सतरा जणांनी उत्तर दिलं की येणार आहे. वाचलं कुणी? नाही. मी तोच मजकूर उचलला आणि वर शेरा दिला, 'खोटं आहे, मी स्वतः विचारून आलोय.' तेव्हा कुठं बायकांनी पिंपं भरायचं थांबवलं. चुकीचं बोलणाऱ्याला त्याच्या शब्दांसकट पकडता आलं पाहिजे. हा पुरावा आहे, अध्यक्ष महोदय. पुरावा नष्ट करू नका."

"पुरावा कुणाचा, माझ्या म्हशीचा?" संभाजी उठला. "खोटं बोलणाऱ्याला पकडा की, कोण नको म्हणतंय? माझ्या म्हशीनं काय खोटं सांगितलंय? बिचारी टोपी घालून उभी होती. तिला उत्तर देता येतंय काय? माणसाला तोंडावर बोला. असं मानगूट धरून गावभर फिरवायचं आणि आपण मागनं बोलायचं, ही काय पद्धत झाली?"

"टोपी घालायची नव्हती," मागून कुणीतरी म्हणालं.

"हा बघा! हा शेरा झाला!"

मी टेबलावर हात आपटणार होतो, पण टेबल नव्हतं. मग मी खुर्चीच्या सोनेरी सिंहाच्या डोक्यावर दोनदा टिचकी मारली. लोक शांत झाले.

रेवती पुढं आली. तिनं कागद आणला नव्हता, तिला सगळं पाठ होतं. तिनं एकामागून एक शेरे म्हणून दाखवले. करपलेलं कोकण, जाळी न पडलेलं घावन, हा पदार्थ नव्हे. पहिल्यांदा लोक हसले. मग हळूहळू हसू कमी होत गेलं, कारण ती अजिबात हसत नव्हती. गोळीवाला शेरा तिनं सगळ्यात शेवटी म्हटला.

"मी दोघांपैकी कुणाच्या बाजूनं उभी नाही," ती म्हणाली. "पण एक माणूस रोज सकाळी काहीतरी करतो, त्याला वाटतं चांगलं झालंय, तो ते लोकांना दाखवतो. आणि रोज त्याला कुणीतरी नापास करतं. तुम्ही सगळे ते वाचता. मीपण वाचते, सांगलीत, एकटी, बँकेत जायच्या आधी. मला हसू येत नाही." ती जरा थांबली. "एवढंच."

बिरनाळेंनीसुद्धा चष्मा पुसायला घेतला.

"ठरावाच्या बाजूनं असलेल्यांनी हात वर करावेत," मी म्हणालो.

सगळीकडं हात वर गेले. संभाजीनं दोन्ही वर केले, बहुधा एक म्हशीच्या वतीनं. मी मोजत होतो, तेवढ्यात डावीकडं तिसऱ्या रांगेत काकांचा हात वर झाला. आणि त्याच क्षणी, काकांकडं न बघता, उजवीकडं बाईंचाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की असं जमत असावं.

"ठराव मंजूर." मी मांडीवरचा लॅपटॉप उघडला, इरफाननं दिलेला परवलीचा शब्द टाकला आणि बटण बंद केलं. टाळ्या झाल्या. रेवती रुमालानं डोळे पुसत खाली बसली. मला वाटलं, आपण काहीतरी चांगलं केलं.

"अध्यक्ष."

बाई उभ्या होत्या.

"बाई, ठराव झाला हो," मी अदबीनं म्हणालो. मी अजून त्यांना घाबरतो.

"ठरावाबद्दल नाही. आता बटण नाही, म्हणून इथंच विचारते. अध्यक्षांनी सभासद श्री. मगदूम यांना विचारावं, की सकाळची गोळी घेतली का?"

पंखे तेवढे ऐकू येत होते.

"काका," मी म्हणालो, "गोळी घेतली का?"

काका उठले. गुडघा धरून उठायला त्यांना वेळ लागला. ते बाईंकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. "अध्यक्षांनी कळवावं, गोळ्या संपल्यात."

"अध्यक्षांनी विचारावं, कधी?"

"काका, कधी?"

"परवा."

"परवा संपल्या आणि आज सांगतायत?" बाई मला रागावल्या.

"अध्यक्ष, परवाच सांगितलंय. परवाच्या पोह्यांच्या फोटोत रिकामं पाकीट मुद्दाम ठेवलं होतं. पोह्यांच्या डावीकडं."

"पोह्यांच्या डावीकडं लिंबू होतं."

"लिंबाच्या मागं."

"मग दिसणार कसं? अध्यक्ष, मांडणीकडं लक्ष द्यायला सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. "काका, मांडणीकडं..."

"ऐकलं मी."

इरफान स्टेजच्या कडेला टेकून उभा होता. "अरे," तो हळूच मला म्हणाला, "हे बोलायलेत."

आणि मग ते हळूहळू सगळ्या हॉलच्या लक्षात आलं. एखाद्या घरात अबोला असला की कुणी भिंतीला सांगतं, कुणी मांजराला सांगतं, कुणी पोरांना मधे घालतं, "तुमच्या वडलांना म्हणावं, पाणी तापलंय." आमच्या गावात हे कुणाला नवीन नव्हतं. बाईंची मुलगी सांगलीला होती आणि घरात मांजर नव्हतं. मग त्यांनी आमचा घाट मधे घातला होता. इतके दिवस आम्ही वाचत होतो ती टवाळी नव्हती. ते एका घरातलं सकाळचं बोलणं होतं, आणि नुकतंच मी ते सगळ्यांच्या टाळ्यांत बंद केलं होतं.

"आई," रेवती उठली. "मग तू उत्तर का देत नव्हतीस? साधं उत्तर?"

"उत्तर दिलं तर मी बोलले असं होईल."

"आणि शेरा दिला तर?"

"शेरा मी अख्ख्या गावाला देत आलेय. तो बोलण्यात धरत नाहीत."

"मग बंद करायला हात कशाला वर केलास?"

"तू म्हणालीस ना, त्यांना रोज कुणीतरी नापास करतं." बाईंनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. "ते माझ्या लक्षात नव्हतं आलं."

रेवती काकांकडं वळली. "आणि बाबा, तुम्ही?"

काका जरा घुटमळले. "लोक हिला कजाग म्हणायला लागले होते. डेअरीत ऐकलं मी."

संभाजी एकदम छताकडं बघायला लागला.

"अध्यक्षांनी ते 'हिला' कामकाजातून काढून टाकावं," काका घाईनं म्हणाले.

"काढलं," मी म्हणालो.

काकांना फार वेळ उभं राहवत नव्हतं. मी त्यांना वर यायला सांगितलं. इरफाननं हात देऊन त्यांना चढवलं आणि बसायला दुसरी जागाच नसल्यामुळं मी उठलो आणि त्यांना नवऱ्यामुलाच्या खुर्चीत बसवलं. मग बाईंनाही वर बोलावलं, कारण इतक्या लांबून निरोप पोचवताना माझा घसा बसत चालला होता. बाई आल्या आणि उभ्या राहायला लागल्या. रेवती म्हणाली, "आई, बस." बाई नवरीच्या खुर्चीत टेकल्या, अगदी कडेला, कुणी उठवलं तर लगेच उठता येईल अशा. मागं लाल बदाम होता. दोघांच्या मधे मी अंतरपाटासारखा उभा होतो.

"अध्यक्ष," काका म्हणाले, "जरा तो माइक."

बाईंचा हात पर्सवर आवळला. माइक म्हणजे काय ते त्या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पण आता द्यायचा नाही असं कसं म्हणणार? मी माइक दिला.

काकांनी तो तोंडाजवळ नेला, फुंकर मारली, आणि त्यांचा आवाज बदलला. स्टँडवरचा, पत्र्याखाली घुमणारा, सगळ्यांशी आणि कुणाशीच न बोलणारा.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

कुणी हसलं नाही.

"शाळेच्या पटांगणातून यापूर्वी झालेली घोषणा नियंत्रकाच्या चुकीमुळे झालेली होती. सदर गाडी सेवेतून काढण्यात आलेली नाही. सदर गाडी रोज सकाळी वेळेवर लागत आहे. गावातील बहुतेक प्रवासी याच गाडीने लिहायला वाचायला पोहोचलेले आहेत, नियंत्रकाच्या मुलीसह." ते थांबले. "गाडी वेळेवरच होती. नियंत्रक फलाटावर नव्हता. तरी प्रवाशांच्या झालेल्या गैरसोयीबद्दल..."

यापुढचं वाक्य त्यांनी नोकरीत रोज म्हटलं असणार. ते त्यांना आठवेना. त्यांचे ओठ हलत होते, माइकमधून नुसता श्वास येत होता.

"दिलगीर आहोत," बाई हळूच म्हणाल्या. वर्गात कविता म्हणताना अडलेल्या मुलाला सांगायच्या तशा. माझ्याकडं बघून नाही, त्यांच्याकडं बघून.

"दिलगीर आहोत," काका म्हणाले आणि त्यांनी माइक खाली ठेवला.

बाईंना आपण काय केलं ते कळलं असावं. त्या लगेच माझ्याकडं वळल्या आणि करड्या आवाजात म्हणाल्या, "अध्यक्ष, शेरा लिहून घे. उशिरा. पण समाधानकारक."

मी लिहून घ्यायला लॅपटॉप उघडला आणि मग आठवलं, बटण मीच बंद केलं होतं. ठराव रीतसर झालेला होता. मी बिरनाळेंकडं बघितलं. बिरनाळेंनी माझ्याकडं बघितलं.

"सभासद हो," मी घसा साफ केला, "मतदान सुरू असताना वीज गेल्यामुळं अध्यक्षांना हात दिसले नाहीत. सबब मतदान झालेलंच नाही."

पंखे गरगर फिरत होते. थर्मोकोलच्या बदामाभोवतीचे दिवेसुद्धा लुकलुकत होते. भरदुपार होती आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

"गेली होती," बिरनाळे गंभीरपणे उभे राहिले. "मी साक्षीदार आहे. कायद्यात बसतं."

"मिट्ट काळोख झालेला," संभाजी म्हणाला. "मला माझेच हात दिसंनात."

मी रेवतीकडं बघितलं. ठराव तिचा होता.

"इतका काळोख," ती नाक ओढत म्हणाली, "की मी ठराव मांडला का तेच मला आठवत नाही."

मी बटण चालू केलं. पुढच्या सकाळी थालीपीठ फलाट क्रमांक एकवर लागलं, आणि बाजूला, लिंबाच्या पुढं, गोळ्यांचं भरलेलं नवीन पाकीट होतं. शेरा आला, 'मांडणी सुधारली आहे.'

काकांना सांगलीला न्यायचं राहूनच गेलं. रेवतीच सुट्टीला गावी येत राहिली, आणि पुढं तर कायमचीच आली. आता ती माझ्याच घरात राहते आणि माझ्याशी बोलतेसुद्धा. त्यामुळं बाई माझ्या सासूबाई झाल्या, पण त्या मला अध्यक्षच म्हणतात. काकांचे पदार्थ आणि बाईंचे शेरे चालूच राहिले, वर्षानुवर्षं. मी आपला समजत होतो, अबोलाही चालूच आहे. मानी माणसं आहेत दोघंही.

काका गेल्यानंतर काही महिन्यांनी एका संध्याकाळी बाई आमच्याकडं आल्या होत्या. रेवती आत स्वयंपाक करत होती. मी सहज म्हणालो, "बाई, एवढी वर्षं तुम्ही अबोला कसा काय टिकवलात?"

"कसला अबोला?" बाई म्हणाल्या. "त्या सभेहून घरी गेलो तेव्हाच संपला तो. वाटेत गोळ्या घ्यायला थांबलो, तिथं सुट्ट्या पैशांवरून भांडलो, मग बोलतच सुटलो. मरेपर्यंत बोलत होतो. ते ऐकत नव्हते म्हणून मी तेच कितीदा तरी बोलायचे."

"मग ते रोजचे शेरे?"

"अरे, घरात बोललेलं कोण जपून ठेवतं? बोललं की गेलं." त्यांनी मोबाइल हातात घेतला होता. घाट उघडला होता. काकांचा शेवटचा मजकूर वर होता, एक थालीपीठ, गोल, कडा नीट, मधोमध भोक. त्याच्यावर त्यांचा शेरा होता, 'उत्तम.' त्या एका शब्दाकडं त्या बराच वेळ बघत बसल्या. "हा द्यायला नको होता," त्या म्हणाल्या. "उत्तम दिलं की मुलं पुढं करत नाहीत."

आतून तव्याचा आवाज येत होता.

"अध्यक्ष," थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "एक अर्ज लिहून घे. रीतसर."

मी लिहून घेतला. तो माझ्याकडं आहे, इरफानलाही दाखवलाय, तो म्हणाला बघू. त्या सांगत गेल्या तसाच तो इथं देतो.

प्रति, मा. अध्यक्ष, घाट.

विषय : श्री. बापूसाहेब मगदूम यांच्या खात्यावरील बंद पडलेल्या फेरीबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की, सदर खात्यावरून बऱ्याच दिवसांत एकही पदार्थ फलाटावर लागलेला नाही, त्यामुळे अर्जदारास शेरा देता येत नाही. तरी सदर फेरी पूर्ववत सुरू करण्यात यावी. रोज शक्य नसल्यास आठवड्यातून एकदा चालेल. पदार्थ करपलेला असल्यास हरकत नाही. आकाराबाबत व मिठाबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार राहणार नाही. तरी कृपया आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही होऊन फेरी केव्हा सुरू होईल ते अर्जदारास कळवण्यात यावे, ही विनंती.